कढईतले आठ बोल्ट

चैत्रात रजा मिळाली की मुंबईची माणसं माथेरानला जातात, महाबळेश्वरला जातात, काहीच जमलं नाही तर सासुरवाडीला जातात. मी तुटलेले बोल्ट बघायला गेलो. हे ऐकून माझ्या पत्नीनं फक्त एवढंच विचारलं, "आणि येताना आणणार काय? नट?"

तिचंही बरोबरच आहे. एका कारखान्याच्या तपासणीखोलीत माझी नोकरी. लोखंडाचे तुकडे ताणायचे, वाकवायचे, तोडायचे आणि ते का तुटले ते कागदावर लिहायचं, एवढंच माझं काम. घरात माझ्या हातून बशी फुटली, तरी तिचा रिपोर्ट कधी मिळणार असं मला विचारतात. त्यात लढाई संपून दीड वर्ष झालेलं, रेशन चालूच होतं. असली रजा वाया घालवणं म्हणजे पाप, असं शेजाऱ्यांचंही मत पडलं.

पण आमच्या कारखान्यातला दत्तू फिटर माझी पाठ सोडीना. फडक्यात बांधून आणलेले बोल्टांचे तुकडे त्यानं माझ्या टेबलावर ओतले आणि हकीगत सांगितली. त्याचा चुलता ज्योतीराम हवालदार पलटणीतून पेन्शनीत निघून गावी, हिवरवाडीला आला होता. लष्करानं लिलावात काढलेलं इंजिन, पंप आणि पोलादी पाइप आणून त्यानं कृष्णेचं पाणी वरच्या माळावर चढवलं. सगळा गाव त्याच्या शब्दावर त्यात पडला. पण इंजिनाजवळचा पाइपाचा जोड सारखा उडत होता. आतापर्यंत तीनदा बोल्ट तुटले. येत्या पौर्णिमेला गावाची बैठक होती. तोवर पाणी टिकलं नाही तर इंजिन-पाइप विकून टाकायचे आणि पुन्हा मोटेवर जायचं, असं गावानं ठरवलं होतं. आणि तसं झालं तर आपण गाव सोडायचं, असं चुलत्यानं ठरवलं होतं.

"तुम्ही एकदा बघा साहेब," दत्तू म्हणाला. "तो माणूस लढाईत मेला नाही, पण याच्यात मरेल."

एवढं ऐकल्यावर महाबळेश्वरला कोण जाणार!

कोरेगाव

हे बोल्ट कोरेगावच्या बाबूशेठांच्या मोडीच्या दुकानातले होते, म्हणून आधी तिथे उतरलो. पुण्याहून इकडे येणारी गाडी लहान रुळांची. ती इतक्या सावकाश चालते की डब्यातल्या सगळ्यांची गोत्रं, आजार आणि मुलींची लग्नं समजून घ्यायला वेळ पुरतो. कोरेगाव येईपर्यंत डब्यातल्या निम्म्या लोकांनी मला बोल्टांवर सल्ला दिलेला होता.

बाबूशेठांचं दुकान म्हणजे लढाई जिथे येऊन झोपली ती जागा. मोटारींची चाकं, तंबूंचे खांब, पाण्याच्या टाक्या, लोखंडी टोप, आणि मध्ये गादीवर शेठ. टोपात त्यांनी शेंगा ठेवलेल्या होत्या. मी येण्याचं कारण सांगताच त्यांनी टोप माझ्यापुढे सरकवला.

"माझ्या मालाला नाव ठेवायला आलाय व्हय? ठेवा. पर आदी शेंगा खावा."

मी शेंगा खाल्ल्या आणि मग म्हणालो, "शेठ, तुमचे बोल्ट काचेसारखे तुटतायत."

"माजं? आवं, रनगाड्याचं बोलट हायती ती! हिकडं या."

त्यांनी एका पेटीतून एक बोल्ट काढला. काळा, तेलकट, हाताला जड. तो लोखंड आवळून धरायच्या शेगड्यात पकडला आणि मोठा घण माझ्या हातात दिला. मी घामाघूम होऊन घाव घातले. बोल्ट हळूहळू वाकला, पार वाकडा झाला, पण त्याला चीरसुद्धा गेली नाही. उत्तम पोलाद. मी दहा वर्षं लोखंड तोडतोय, त्यातला इतका चांगला तुकडा क्वचित हातात आला असेल. त्याच पेटीतले भाऊ हिवरवाडीत काचेसारखे तुटत होते. मी कपाळाला हात लावला.

"काय झालं डाक्टर? पेशंट धडधाकट निगाला जनू," शेठ म्हणाले.

पेटीत आठ बोल्ट उरले होते. तसला माल आता पुन्हा येणार नाही असं शेठांनी सांगितलं, म्हणून ते आठही घेतले. दत्तूच्या आईसाठी कंदी पेढे घेतले होते, ते त्याच पिशवीत ठेवले. स्टेशनवर पोचेतो पेढ्यांचा भुगा झाला आणि त्यांना वंगणाचा वास लागला. हिवरवाडीच्या मंडळींनी ते पुढे आवडीनं खाल्ले आणि मुंबईच्या पेढ्याला वास जरा निराळा येतो असं मत दिलं. मी ते खोडलं नाही.

हिवरवाडी

स्टेशनाबाहेर छकडा उभा होता. हाकणारे गृहस्थ साठीचे, लाल पटका, पांढऱ्या मिशा. त्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुमी लोखंडाचं डाक्टर न्हवं का? मला वाटलं अंगानं जरा दनकट असाल."

मी गाडीत चढलो. बैलांचं कौतुक करावं म्हणून म्हणालो, "बैल छान आहेत तुमचे."

"माजं न्हाईत. हवालदाराचं हायती," तात्या म्हणाले. "माजं इकलं. पाइपानं पानी येनार म्हनला ज्योतीराम, म्हनून मोट मोडली आन् बैल इकलं. त्येच्या शब्दावर. आता माजा ऊस बगा, वाळून कोळ झालाय."

"पण पाणी आलं ना मध्येमध्ये?"

"आलं की. पर माजं रान पाइपाच्या शेवटाला हाय. पैल्यांदा बाकीच्यांची पाळी, चवथ्या दिशी माजी. आन् जोड उडतोय तिसऱ्याच्या आत. तीनदा इंजान लावलं, एक थेंब बगितला न्हाई म्या."

बैठक यांनीच बोलावली होती हे मला त्या वेळी कळलं. सहा मैलांच्या वाटेत त्यांनी माझी चेष्टा केली, बैलांची केली, सरकारची केली. हवालदाराची मात्र केली नाही. त्याचं नाव निघालं की ते बैलांना हाकलायचे.

गावात गेल्यावर आधी गूळ आणि पाणी. पाहुण्यानं उंबऱ्यात पाय ठेवला की हातावर गूळ ठेवायचा, मग पाणी, मग नाव विचारायचं, असा इथला रिवाज. मी मूळचा रेवदंड्याचा. आमच्याकडे दुपारी पाहुणा आला की आधी विचारतात, जेवूनच आला असाल ना? दोन्ही रीतींत प्रेम सारखंच असणार, पण पोटाला फरक कळतो.

ज्योतीराम हवालदारांनी मला ताठ सलाम ठोकला. उंच माणूस, खाकी अर्धी चड्डी, पांढरा सदरा, आणि घोट्यापर्यंतचे बूट, ज्यांत माझा चेहरा दिसत होता. पंधरा वर्षं ते पलटणीत मोटारींच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांच्या घरात प्रत्येक वस्तू झळकत होती. हंडे झळकत होते, कंदील झळकत होता, बैलांच्या घुंगरांत उन्हाची तिरीप नाचत होती. त्यांच्या पत्नी हौसाबाई मला हळूच म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं घासून घासून माज्या दोन पातेल्यांची बुडं काडलीत ह्यांनी. माजं नशीब, मला घासत न्हाईत."

नदीवर गेलो. काठावर इंजिन, त्याला पंप, पंपातून निघालेला पाइप उंच दरड चढून माळाकडे गेलेला. पाइपाला ठिकठिकाणी जोड. पहिला जोड इंजिनाजवळ, पाहुणे उभे राहतात त्या फरशीच्या अगदी शेजारी. त्या जोडाला हवालदारांजवळचे आठ नवे बोल्ट कालच बसवले होते, आणि काय सांगू, ते चांदीचे असावेत तसे चकाकत होते. पाइपावर फुलांची माळ होती. तसलीच दुसरी माझ्या गळ्यात पडली.

"बोल्टांची निगा कशी राखता?" मी विचारलं. माझा प्रश्न अगदी बरोबर होता, याची नोंद घ्यावी.

"साफसफाई एकदम फस्क्लास, सायेब!" हवालदार कडाडले. "मुआयना हाय, सायेब तपासाया येनार म्हनलं की एक ठिपका गंज ऱ्हाऊ देत न्हाई."

"वा!" मी म्हणालो. "असंच पाहिजे." याचीही नोंद घ्यावी लागेल.

इंजिन लावलं. पाणी माळावर गेलं. मी जोडावर कान ठेवला, चाचपून पाहिलं, वहीत आकडे लिहिले. सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी हौसाबाईंच्या हातची भरली वांगी खात होतो. कृष्णाकाठच्या वांग्याला बी कमी आणि चव गोड, त्यात शेंगदाण्याचं कूट. तिसरी भाकरी नको म्हणालो म्हणून त्या रुसल्या होत्या, तोच नदीकडून फाट् असा आवाज आला. पुन्हा फाट्. मग मोठा फुसकारा.

धावत गेलो तर जोड उघडलेला आणि कृष्णेचं पाणी आभाळात चाललेलं. कारंजं म्हणून बघितलं तर फार सुंदर होतं. पण कुणी कारंजं बघत नव्हतं, सगळे माझ्याकडे बघत होते.

"मुंबईची नजर लय जड असती," तात्या म्हणाले.

मग त्यांनी हिशेबच मांडला. पहिल्यांदा पूजेला प्रांतसाहेब आले, दोन दिवसांत जोड उडाला. मग मामलेदार आले, दोन दिवसांत उडाला. मग शेतकी खात्याचे अधिकारी आले, तसंच झालं. आता मी. माळावरचे बाकीचे जोड, जे कुणी पाहुणा बघत नाही, ते पहिल्या दिवसापासून शाबूत होते. म्हणून नजर लागते, यात गावाला शंका उरली नव्हती. हौसाबाईंनी मीठ-मोहऱ्या आणून जोडावरून ओवाळल्या आणि उरल्या होत्या म्हणून माझ्यावरूनही ओवाळल्या.

मी हसलो. त्यांना समजावून सांगितलं की हा योगायोग आहे, पंपाजवळ पाण्याचा दाब सगळ्यांत जास्त, म्हणून तोच जोड उडतो. मी शिकलेला माणूस. तात्यांनी सगळं उत्तर माझ्या तळहातावर ठेवलं होतं आणि मी ते झटकून टाकलं.

तुकडे भिंगाखाली धरले. चांगलं पोलाद ताणून तुटतं तेव्हा ते आधी लांबतं, मध्ये बारीक होतं, मग तुटतं. हे तसे तुटलेच नव्हते. अंग जसंच्या तसं, आणि तुटलेली जागा खडीसाखरेसारखी दाणेदार. पोलाद तेच, पण त्याचा चिवटपणा कुणीतरी काढून घेतलेला.

हवालदार माझ्याशेजारी उभे होते. त्यांचा आवाज आता कडाडत नव्हता. "सायेब, पुन्यव कवा हाय ठावं हाय न्हवं? बुधवारी."

मिरज

मिरजेला उतरणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर आजाऱ्याला भेटायला आलेला असतो. टांगेवाल्यानं माझ्या हातातली तुटक्या बोल्टांची जड पिशवी पाहून विचारलं, "मुतखडा का?"

माझा एक कॉलेजातला मित्र तिथे एका दवाखान्यात डॉक्टर होता. त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे, त्यातून तुकडा पाहावा, या आशेनं मी शुक्रवारी पहाटेच निघून आलो होतो. त्यानं बोल्ट कौतुकानं काचेखाली ठेवला. आम्ही दोघांनी आळीपाळीनं डोळा लावला. नुसता काळोख. ते यंत्र रक्ताचा थेंब बघायचं, त्यात खालून उजेड सोडतात. माझ्या बोल्टातून उजेड जाईना. "पेशंट फारच अपारदर्शक आहे," मित्र म्हणाला आणि खऱ्या पेशंटांकडे गेला.

गाडीला दोन तास होते. मी तोंड पाडून सतारी करणाऱ्यांच्या आळीत शिरलो. एका दुकानात भोपळे छताला टांगलेले, खाली एक म्हातारे उस्मानचाचा पटाशीनं लाकूड तासत बसलेले. त्यांनी मला बसायला जागा दिली, चहा सांगितला, आणि काय घ्यायचंय हे काही विचारलं नाही. समोर एक शाळामास्तर आपली सतार घेऊन तक्रार करत होते.

"चाचा, तुमच्या तारा चांगल्या राहिल्या नाहीत. चढवली की दुसऱ्या दिवशी तुटते. तीही कुणी हात लावत नसताना. आम्ही जेवत होतो आणि खुंटीवरची सतार टणकन वाजली!"

जेवत होतो, हे शब्द ऐकून माझा चहा हातातच राहिला.

चाचांनी तारेचा तुकडा बोटांत फिरवून बघितला, नाकाला लावला. "लिंबू लावलात?"

मास्तर ओशाळले. "जरा तांबूस डाग पडले होते. म्हटलं, चमकेल."

"पितळेच्या तारेला लावा, चालतं. पोलादाच्या तारेला आंबट लावायचं नाय, मास्तर. लावलं तवा कायबी होत नाय. चांगली चमकते. मग ताणून ठेवली की आतल्या आत जीव सोडते. माझा बाप सांगायचा, आंबट तारेच्या पोटात जातं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण हे मला ठाऊक होतं. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. पोलाद आम्लात घातलं की बुडबुडे येतात, तो हायड्रोजन वायू. सगळाच काही बुडबुडा होऊन वर जात नाही, थोडा पोलादाच्या आत शिरतो. साध्या मऊ लोखंडाला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण कडक पोलादात तो शिरला आणि वरून ते ताणून ठेवलं, की एक-दोन दिवसांत बारीक चीर पडते, वाढत जाते आणि एके क्षणी तुकडा पडतो. आमच्या मुंबईत मुलामा देण्याच्या कारखान्यात स्प्रिंगा तेजाबात धुतात आणि मग गरम तेलात तासन् तास ठेवतात, म्हणजे तो वायू निघून जातो. हे मी डोळ्यांनी बघितलेलं होतं. आणि हिवरवाडीत चांदीसारखे बोल्ट बघून मी म्हणालो होतो, वा!

पाहुणा यायचा म्हटलं की हवालदार पाहुण्यासमोरचा जोड चमकवणार. प्रांतसाहेब आले, चमकवला. मामलेदार आले, चमकवला. माळावरच्या जोडांकडे पाहुणे जात नाहीत, म्हणून ते काळे राहिले आणि म्हणूनच वाचले.

मी चाचांच्या पायाला हात लावला. त्यांनी गडबडून पाय मागे घेतला आणि मास्तरांना विचारलं, "याची पण तार तुटली काय?"

पुन्हा हिवरवाडी

गाडीत बसल्यावर मला एकदम आठवलं, शेवटचे आठ बोल्ट मी हवालदारांच्या हवाली करून आलो होतो. आणि आपण शुक्रवारी परत येतो असं सांगूनही आलो होतो. म्हणजे पाहुणा येणार होता. छकड्यात तात्यांना म्हणालो, जरा जोरात हाका. ते म्हणाले, बैलांना तुमच्याएवढी घाई न्हाई.

पोचलो तर अंगणात चिनी मातीची मोठी बरणी, त्यात मोटारीच्या बॅटरीचं तेजाब, त्यात माझे आठ बोल्ट, आणि वर येणारे बारीक बुडबुडे. शेजारी हवालदार, बाह्या सारून.

"सकाळपास्नं घातलेत सायेब. आता चिंच लावून घासतो, बगा कसं झळकतील!"

मी तात्यांना छकडा सोडायला पाठवलं आणि हवालदारांना सगळं सांगितलं. जितकं सोपं करता येईल तितकं केलं. ते सावधान उभे राहून ऐकत होते. माझं बोलणं संपल्यावर ते बरणीवर वाकले.

"म्हंजी चारी बारीला म्याच तोडलं."

"तुम्हाला माहीत नव्हतं. मलाही सुचलं नाही."

"तात्याचं बैल..." एवढंच बोलून ते थांबले.

मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "हे बघा, गावाला सगळं सांगायची गरज नाही. माल खराब होता असं मी सांगतो. माझ्या शब्दावर विश्वास ठेवतील."

 हवालदार बोल्ट बाहेर काढून, तेजाब मारायला, राखेच्या पाण्यात बुडवायला लागले.

आता प्रश्न गरम तेलाचा. एक कढई भरून तेल, आणि तेही रेशनच्या दिवसांत. हौसाबाईंनी प्रश्न केला नाही, पदर खोचला आणि घरोघर गेल्या. अर्ध्या तासात बायका वाट्या, पेले, तांबे घेऊन आल्या. शेंगदाण्याचं घाण्याचं तेल. मोठी कढई चुलीवर चढली, आणि मी वहीत बघून सांगितलं की तेल धुरावायच्या जरा अलीकडे ठेवायचं, जास्त तापलं तर पोलाद मऊ पडेल, कमी तापलं तर उपयोग नाही. माझ्याकडे उष्णतामापक नव्हता.

"ते मला सांगू नगा," हौसाबाई म्हणाल्या. "तीस वर्सं कानवलं तळतीया." त्यांनी पिठाचा एक कण तेलात टाकला, तो कसा वर येतो ते बघितलं आणि दोन लाकडं मागे ओढली. मग माझ्या हातातला बोल्ट काढून घेतला. "वला हाय की! वलं तेलात टाकत्यात व्हय? तोंड भाजंल." सगळे बोल्ट फडक्यानं कोरडे करून त्यांनी झाऱ्यानं एकेक अलगद सोडले.

दुपारपासून दिवेलागणीपर्यंत आठ बोल्ट मंद जाळावर तळले गेले. सगळा गाव अंगणात. मीठ किती घातलं, आत सारण काय आहे, मुंबईकडे सणाला हेच करतात का, असे प्रश्न मला विचारले गेले. एका आजीनं खरोखरच काळजीनं सांगितलं, पाव्हण्याचे दात चांगले दिसत्यात, पर आमचं काय? मीही म्हटलं, आजी, तुमचा कुस्करून देऊ.

तेवढ्यात तात्यांनी विचारलं, "पर डाक्टर, ह्ये तळायचं कशापाई? झालंय काय ह्यास्नी?"

मी तोंड उघडलं. माल खराब होता, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

"तात्या," हवालदार म्हणाले. ते चुलीजवळून उठून मधोमध उभे राहिले. "मालाची चूक न्हाई, कुनाची नजरबी न्हाई. चूक माजी हाय. सायेबलोकांनी बगावं म्हनून म्या बोलट तेजाबात घातलं. त्यानं ते आतनं मेलं. चारी बारीला म्याच मारलं. तुमचा ऊस म्या वाळवला, तात्या."

 कढईतलं तेल तेवढं बारीक आवाज करत होतं.  तात्यांनी पटका नीट केला आणि घरी निघून गेले. माझी चेष्टा करायला त्या संध्याकाळी कुणी उरलं नाही.

शनिवारी सकाळी बोल्ट बसवले. काळपट, तेलकट, ओशट. हवालदारांनी फडकं हातात घेतलं आणि परत खिशात ठेवलं. इंजिन लागलं. त्या दिवसापासून ते जोडाजवळच बसून राहिले, भाकरी तिथेच खायचे. रविवार गेला. माझी रजा संपत आली होती, पण मी तारेनं वाढवून घेतली. सोमवारी, तिसऱ्या दिवशी, मी दर पाच मिनिटांनी जोडाकडे बघत होतो आणि हवालदार माझ्याकडे. भिंगानं बघण्यासारखं काही नव्हतं, तरी मी बघत होतो. मला जेवण जाईना. हौसाबाईंनी पहिल्यांदाच आग्रह केला नाही.

मंगळवारी पाणी चालूच होतं.

दुपार कलल्यावर माळाकडून पाइपाच्या कडेकडेनं एक माणूस खाली येताना दिसला. तात्या होते. धोतर वर खोचलेलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. शुक्रवारपासून ते हवालदारांशी एक शब्द बोलले नव्हते. ते जोडापाशी आले, काळ्या बोल्टांकडे बघितलं, पाइपावर तळवा ठेवून आतलं पाणी पळताना ऐकलं.

हवालदार उठून सावधान उभे राहिले. "तात्या, उद्या बैठकीत तुमी जे सांगशीला..."

"बैठक?" तात्या म्हणाले. "माजा निम्मा ऊस भिजायचा ऱ्हायलाय. उद्या कुनाला येळ हाय रं?"

हवालदारांचा हात सलामासाठी वर गेला आणि मध्येच थांबला. मग ते पाइपावर बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून मोठ्यानं रडायला लागले. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तात्या त्यांच्याशेजारी टेकले. चिखलाचा हात त्यांनी हवालदारांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ठेवला आणि चिखल चांगला चोळला.

"रड गड्या," ते म्हणाले, "पर इंजान बंद करू नगंस."